आधी हात, मग पडदा: सरफेस ईएमजीचा पहिला अभ्यास कसा करावा आणि तो वर्गात कसा शिकवावा

सिनॉप्सिस जमा करायचे दिवस आले की एमपीटीएचचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गाचं, कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, मला ईएमजीवर काम करायचंय." सरफेस ईएमजी म्हणजे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतली वीज टिपणं आणि ती पडद्यावर रेघेत पाहणं. कोणत्या स्नायूवर, असं विचारलं की उत्तर येतं, "कोअर," म्हणजे पोट-कंबरेचे सगळेच स्नायू. कोणता प्रश्न सोडवायचाय, असं विचारलं की शांतता. उत्साह खरा असतो, यंत्रही विभागात असतं, पण मधला रस्ता कुणी दाखवलेला नसतो. हा लेख त्या रस्त्यासाठी आहे. आणि ज्यांना डिझर्टेशन करायचं नाही, पण बीपीटीएचच्या (पदवीच्या) मुलांना स्नायूंचं काम नीट समजावून द्यायचंय, अशा शिक्षकांसाठीही आहे. माझ्या मते ही दोन्ही कामं एकाच हाताने होतात. ज्याला इलेक्ट्रोड नीट लावता येतो त्यालाच पडद्यावरची रेघ शिकवता येते.

लेखभर मी एकच उदाहरण वापरणार आहे. गुडघेदुखीचे रुग्ण ओपीडीत हमखास विचारतात, "बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडली तर चालेल का?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्यात स्नायू आहे, हालचाल आहे आणि रोजचं जगणं आहे. त्यावरून आपला अभ्यास असा ठरवू: ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून आणि ३० सेंटिमीटरच्या स्टुलावरून उठताना मांडीच्या बाहेरच्या बाजूचा व्हॅस्टस लॅटरॅलिस किती काम करतो?

प्रश्न लहान करा, मग अजून लहान करा

पहिल्या अभ्यासात एक स्नायू पुरे, फार तर दोन. एक हालचाल आणि दोन स्थिती. निरोगी स्वयंसेवक. आसन जितकं बुटकं, तितका उठताना गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा मोमेंट, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा भार, जास्त, हे बायोमेकॅनिक्सच्या अभ्यासांतून माहीत आहे. त्यामुळे "बुटक्या स्टुलावरून उठताना व्हॅस्टस लॅटरॅलिसची सक्रियता जास्त असेल" हा आपला अंदाज हवेतला नाही. अंदाज कागदावर लिहून ठेवा. नोंदी घेऊन झाल्यावर सुचलेल्या अंदाजाला किंमत नसते.

स्नायू निवडताना एकच कसोटी लावा: तो त्वचेखाली लगेच हाताला लागतो का? सरफेस इलेक्ट्रोडला खोलवरचं ऐकू येत नाही. ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस या पोटाच्या खोलवरच्या स्नायूवरचं हॉजेस आणि रिचर्डसन यांचं १९९६ चं काम सगळे उद्धृत करतात. कंबरदुखी असलेल्यांत हात हलवण्याआधी हा स्नायू उशिरा जागा होतो, असं त्यात दिसलं. पण त्यांनी स्नायूच्या आत बारीक तारेचे इलेक्ट्रोड सोडले होते, ही गोष्ट उद्धृत करणारे बरेचदा विसरतात. पोटावर दोन स्टिकर चिकटवून "ट्रान्सव्हर्ससची सक्रियता" असं लिहिलंत, तर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि यायलाच हवा.

परवानगी, आणि "करंट लागेल का?"

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडण्याआधी एकही नोंद घ्यायची नाही, मैत्रिणीचीसुद्धा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं एकदा शांतपणे वाचा. तुमचा अभ्यास एखाद्या उपचाराचा परिणाम तपासणारा असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालेली हवी.

संमतिपत्र मराठीत लिहा, आणि खरंच मराठीत लिहा. "पृष्ठस्थ विद्युत्-स्नायुलेखन" वाचून कुणालाच काही कळत नाही. समोरच्या माणसाच्या मनात भीती एकच असते. आमच्याकडे एका आजींनी वायर पाहताच पाय आखडून घेतला आणि विचारलं, "करंट लागतो का गं बाळा?" ती विद्यार्थिनी खाली बसली, स्टिकर स्वतःच्या हातावर लावून दाखवला आणि म्हणाली, "नाही आजी, हे यंत्र काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकतात ना, तसं." आजींनी पाय सोडला. संमतिपत्रातलं ते वाक्य मी तेव्हापासून तसंच ठेवलंय: "या यंत्रातून शरीरात वीज जात नाही, ते स्नायूतली वीज फक्त टिपतं."

मांडीवर काम म्हणजे कपड्यांचा प्रश्न आला. आदल्या दिवशीच हाफ पँट आणायला सांगा, पडदा लावा, मुलींच्या मांडीवर इलेक्ट्रोड लावायला मुलगीच असू द्या. रेझर प्रत्येकाला नवा.

त्वचा: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम

१८४९ च्या सुमारास एमिल द्यु ब्वा-रेमोंने माणसाच्या स्नायूतली वीज पहिल्यांदा टिपली, तेव्हा त्वचेचा अडथळा घालवण्यासाठी त्याने हातावर फोड आणून वरची त्वचा काढली होती. आज आपल्याला रेझर आणि स्पिरिटचा बोळा पुरतो, पण अडथळा तोच आहे: मृत पेशींचा थर, तेल आणि घाम.

जागा आधी दाढी केल्यासारखी साफ करा. मग स्पिरिटचा बोळा घेऊन एकाच जागी घासा, त्वचा किंचित गुलाबी दिसेपर्यंत. ओरखडा उठता कामा नये. मग थांबा. स्पिरिट पूर्ण सुकल्याशिवाय स्टिकर लावला तर तो पाचव्या मिनिटाला सुटतो, आणि नेमका मोजणीच्या मधे सुटतो. स्वयंसेवकांना आदल्या रात्री सांगून ठेवा की त्या दिवशी मांडीला बॉडी लोशन किंवा खोबरेल लावू नका. पावसाळ्यात आणि मे महिन्यात पंख्याखाली दहा मिनिटं बसवून घाम जिरू द्या. इम्पीडन्स, म्हणजे त्वचेचा विजेला होणारा विरोध, मोजायची सोय असेल तर तो १० किलोओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करा.

इलेक्ट्रोड नेमका कुठे

अंदाजाने लावायचा नाही. सेनियम या युरोपीय प्रकल्पाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकेका स्नायूसाठी जागा ठरवून दिल्या, आणि आज जगभर बहुतेक जण त्याच वापरतात. व्हॅस्टस लॅटरॅलिससाठी रेघ अशी: कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, म्हणजे एएसआयएस, तिथून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. या रेघेवर वरून दोन तृतीयांश अंतरावर जागा येते. रेघ ४२ सेंटिमीटर भरली, तर वरून २८ सेंटिमीटरवर खूण करा. टेप लावून मोजा, त्वचेवर पेनाने ठिपका द्या आणि मग त्या जागी बोटं ठेवून गुडघा ताठ करायला सांगा. बोटांखाली स्नायू फुगला पाहिजे. टेप एक सांगते आणि बोटं दुसरंच सांगतात, असं झालं तर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा एएसआयएसच चुकीचा सापडलेला असतो.

दोन इलेक्ट्रोडच्या मध्यबिंदूंमधलं अंतर २० मिमी आणि दोन्ही स्नायूतंतूंच्या दिशेत. इथे एक अडचण पुस्तकात सापडत नाही. आपण वापरतो ते ईसीजीचे स्टिकर असतात आणि त्यांची फोमची गादी एवढी मोठी असते की शेजारी शेजारी लावले तरी मधलं अंतर ३५-४० मिमी होतं. अंतर वाढलं की शेजारच्या स्नायूचा आवाजही येऊ लागतो. याला क्रॉसटॉक म्हणतात. उपाय साधा आहे. कात्रीने फोमची समोरासमोरची कड कापा, मधलं जेल मात्र अजिबात कापू नका. दोन्ही जेल एकमेकांना टेकली तर दोन इलेक्ट्रोडचा एकच होतो आणि रेघ सपाट पडते. छोट्या गादीचे स्टिकर मिळाले तर तेच घ्या, आणि सगळ्या सहभागींसाठी एकच अंतर ठेवा.

रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे तुलनेसाठीचा तिसरा, हाडावर लावायचा. मांडीच्या कामाला घोटा बरा. वायर मायक्रोपोर चिकटपट्टीने मांडीला चिकटवा, पण उठताना ती ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा. लोंबती वायर हलली की पडद्यावर मोठ्या लाटा येतात, आणि नवखा माणूस त्यांनाच स्नायूचं काम समजतो.

रेकॉर्ड करण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा

त्वचेवरून मिळणाऱ्या संकेतातली उपयोगाची ताकद साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असते, म्हणून सॅम्पलिंग सेकंदाला किमान १००० नोंदींचं हवं. २००० ठेवता आलं तर उत्तम. सहभागीला सैल सोडून बसवा आणि कच्ची रेघ पाहा. ती जवळजवळ सपाट असायला हवी. मग गुडघा ताठ करायला सांगा. दाट, ओबडधोबड, दोन्ही बाजूंना उसळणारा पट्टा दिसला पाहिजे. सोडा म्हटल्यावर परत सपाट.

सैल बसलेल्या माणसाची रेघ कंगव्याच्या दातांसारखी एकसारखी दिसत असेल, तर ते विजेच्या मेन्सचं ५० हर्ट्झचं गुणगुणणं आहे. आधी रेफरन्स दाबून पाहा, दहांतल्या आठ वेळा दोष तिथेच निघतो. मग लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. सहभागीच्या सुरक्षिततेसाठीही तेच चांगलं. वायरी एकत्र बांधा. शेजारच्या क्युबिकलमध्ये शॉर्टवेव्ह डायथर्मी चालू असेल, तर ती बंद होईपर्यंत थांबा.

नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी ५० हर्ट्झची पट्टी कापणारी गाळणी, लावून ही अडचण मिटवायचा मोह होतो. तो टाळा. स्नायूच्या संकेताची बरीच मोठी ताकद ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यातच असते, म्हणजे ५० हर्ट्झ कापताना खरा संकेतही कापला जातो. मी विद्यार्थिनी असताना हाच मोह मला पडला होता. बारा जणांच्या नोंदी घेतल्या, सगळ्या फिल्टर लावूनच साठवल्या, कच्ची रेघ एकदाही डोळ्यांखालून घातली नाही. शेवटी गाइडनी कच्ची फाइल मागितली, तर ती नव्हतीच. रेफरन्सची वायर आतून तुटलेली होती आणि मला सहा आठवडे पत्ता नव्हता. बारा माणसांनी माझ्यासाठी दिलेला वेळ वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझा एकच हट्ट असतो: कच्ची नोंद साठवा, आणि प्रत्येक माणूस खोलीतून बाहेर पडण्याआधी ती पाहा.

नॉर्मलायझेशन: इथे अभ्यास तरतो किंवा बुडतो

मिलिव्होल्टमधले आकडे दोन माणसांमध्ये थेट ताडून पाहता येत नाहीत. कुणाच्या त्वचेखाली चरबी जास्त, कुणाची त्वचा कोरडी, कुणाचा इलेक्ट्रोड अर्धा सेंटिमीटर इकडे. म्हणून प्रत्येकाचा आकडा त्याच्याच कमाल जोराच्या टक्केवारीत मांडायचा. सांधा न हलवता लावलेल्या या कमाल जोराला एमव्हीआयसी म्हणतात, आणि त्या वेळी रेघेत आलेला आकडा म्हणजे शंभर टक्के.

समजा, एका मुलाचा एमव्हीआयसी ०.४२ मिलिव्होल्ट आला आणि स्टुलावरून उठताना ०.१४७. एका मुलीचा एमव्हीआयसी ०.२१ आणि उठताना ०.१२६. कच्चे आकडे पाहिले तर मुलाचा स्नायू जास्त राबतोय असं वाटेल. टक्केवारी काढा: मुलगा ३५ टक्के, मुलगी ६० टक्के. चित्र उलटं झालं. हे गणित मी फळ्यावर मांडते आणि वर्गाला एक मिनिट देते. नॉर्मलायझेशन का करायचं, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

एमव्हीआयसी घेण्यासाठी सहभागीला प्लिंथच्या (तपासणीच्या पलंगाच्या) कडेला बसवा, गुडघा गोनिओमीटरने (कोनमापकाने) ६० अंशांत वाकवून ठेवा आणि घोट्याच्या वर पट्टा बांधून तो प्लिंथच्या पायाला घट्ट अडकवा. हाताने विरोध देऊ नका. तरुण मुलाचा क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायुगट, परीक्षकाच्या हाताला सहज हरवतो, आणि मग तुम्ही त्याची कमाल नाही, स्वतःची कमाल मोजता. आधी दोन-तीन हलके सराव. मग पाच सेकंदांचे तीन प्रयत्न, मधे दोन-दोन मिनिटं विश्रांती. प्रोत्साहनाचे शब्दही ठरलेले हवेत. "जोर लावा, अजून, अजून, अजून, सोडा." एकाला ओरडून सांगायचं आणि दुसऱ्यापुढे गप्प उभं राहायचं, असं झालं तर तुलनाच संपली.

ज्यांना गुडघा दुखतो ते पूर्ण जोर लावतच नाहीत. त्यांचा एमव्हीआयसी खोटाच कमी येतो आणि हालचालीची टक्केवारी फुगते. म्हणून पहिला अभ्यास निरोगी माणसांवर करा असं वर म्हटलं. रुग्णांवर काम करायचंच असेल, तर एखादी ठरलेली हलकी हालचाल संदर्भ म्हणून घ्यावी, उदाहरणार्थ पायाला ठराविक वजन बांधून गुडघा ताठ धरणं.

प्रत्यक्ष मोजणी

खुर्ची आधी की स्टूल आधी, हे चिठ्ठी काढून ठरवा. नाहीतर दुसऱ्या वेळचा थकवा तुमच्या निष्कर्षात मिसळेल. हात छातीवर, पावलं आखलेल्या खुणेवर, उठण्याचा वेग मेट्रोनोमवर. मोबाइलवरचा मेट्रोनोम चालतो. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा उठणं, मधे पुरेशी विश्रांती.

हालचाल नेमकी कधी सुरू झाली हे ठरवायला मोबाइलचा व्हिडिओ पुरतो, पण तो रेघेशी जुळवायचा कसा? सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर इलेक्ट्रोडवर बोटाने एक टिचकी मारा. व्हिडिओत टिचकी दिसते, रेघेत टोकदार काटा दिसतो. दोन्हींची वेळ शून्य धरा. बैठक सुटण्याचा क्षण व्हिडिओतून घ्या. साध्या मोबाइलच्या सेकंदाला ३० चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांची चूक राहते, म्हणजे टप्पे पाडायला हे चालेल, पण कोणता स्नायू आधी जागा झाला हे ठरवायला अजिबात चालणार नाही. स्नायूत वीज उमटल्यापासून जोर दिसेपर्यंतच काही दशक मिलिसेकंद जातात.

आणि मोजताना पडदा सहभागीला दिसू देऊ नका. ईएमजीचे संशोधक बस्माजियन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं होतं की पडद्यावर आणि आवाजातून स्वतःचा संकेत समजला, तर माणूस एकेका मोटर युनिटवरही, म्हणजे एक मज्जापेशी आणि तिच्या हुकमातले तंतू यांवरही, ताबा मिळवू शकतो. बायोफीडबॅकची, म्हणजे स्वतःचा संकेत पाहत शिकण्याची, सगळी ताकद यातच आहे, पण मोजणीच्या वेळी तीच आपल्या मुळावर येते. सहभागी पट्टा वर न्यायचा खेळ सुरू करतो.

संकेतावर काम

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, सॉफ्टवेअर बहुतेक करून देतं. क्रम लक्षात ठेवा: शून्यरेषा सरळ करणं, २० ते ४५० हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारी गाळणी), मग १०० मिलिसेकंदांच्या खिडकीने आरएमएस (चढउतारांची वर्गमूळ-सरासरी). उठण्याच्या टप्प्यातली सरासरी घ्या, तिला एमव्हीआयसीने भागा, पाच प्रयत्नांची सरासरी काढा. एमव्हीआयसीवरही हीच प्रक्रिया हवी. एकाला एक खिडकी आणि दुसऱ्याला दुसरी, ही चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे. माणूस तोच आणि उंची दोन, त्यामुळे चाचणी पेअर्ड, म्हणजे एकाच माणसाच्या दोन आकड्यांची जोडीने तुलना करणारी. सहभागींची संख्या पायलटच्या, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीच्या, आकड्यांवरून संख्याशास्त्राच्या शिक्षकांसोबत बसून ठरवा, मागच्या बॅचच्या प्रबंधातून उचलू नका.

रेघ काय सांगते आणि काय सांगत नाही

ही रेघ स्नायूला मिळालेल्या हुकमाची आहे, जोराची नाही. स्नायू न हलता आवळलेला असेल, तर दोन्ही साधारण बरोबर चालतात. हालचालीत नाही. स्नायूची लांबी बदलते, त्वचेखालून तो सरकतो आणि इलेक्ट्रोड मात्र जागेवर राहतो. थकलेल्या स्नायूत तर तेवढाच जोर टिकवायला रेघ मोठी होत जाते आणि मीडियन फ्रीक्वेन्सी, म्हणजे संकेताची मधली वारंवारता, खाली येते. म्हणून "सक्रियता वाढली, म्हणजे स्नायू बळकट झाला" असं वाक्य निष्कर्षात लिहू नका. "व्यायाम अ मध्ये ईएमजी जास्त, म्हणून रुग्णाला व्यायाम अ द्यावा" हेही नको. दुखणाऱ्या गुडघ्याला कदाचित कमी ईएमजीचाच व्यायाम हवा असेल.

स्टुलाच्या प्रश्नाचं उत्तरही जपूनच द्यावं लागतं. स्टुलावरून उठताना टक्केवारी जास्त आली, तर "क्षमतेचा जास्त वाटा वापरला जातो" एवढंच म्हणता येतं. "स्टूल वाईट" असं म्हणता येत नाही.

आता वर्गात: पडदा शेवटी उघडायचा

प्रात्यक्षिक साधारण असं चालतं. शिक्षक इलेक्ट्रोड लावतात, एक मुलगा गुडघा ताठ करतो, पडद्यावर पट्टा उसळतो, मुलं "वा" म्हणतात, कुणीतरी फोटो काढतं, तास संपतो. पंधरा दिवसांनी विचारलं तर फोटो असतो, समज नसते. मी गेली काही वर्षं हा तास उलटा घेते, आणि त्याचा फरक मुलांच्या हातांत दिसतो.

सुरुवातीची दहा मिनिटं यंत्र बंद. जोड्या करून एकमेकांच्या मांडीवर हात ठेवायचा. जोडीदार खुर्चीवरून सावकाश उठतो, मग तेवढ्याच सावकाश बसतो. हाताखाली काय लागतं ते सांगा. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी. त्यावर नाव, आणि दोन रेघा काढायच्या: उठताना व्हॅस्टस लॅटरॅलिसचा संकेत कसा दिसेल, बसताना कसा दिसेल. कोणता मोठा? सोबत एका ओळीत कारण. चर्चा नाही, शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावणं नाही.

बरेच जण बसतानाची रेघ मोठी काढतात. कारण लिहितात, "बसताना मांडी जास्त भरून येते" किंवा "पडू नये म्हणून स्नायू धरून ठेवतो." ही कारणं मूर्खपणाची नाहीत, ती त्यांच्या अनुभवातून आलेली आहेत. चिठ्ठ्या गोळा करायच्या, फळ्यावर मतं मोजायची आणि मगच पडदा उघडायचा. उठताना पट्टा मोठा, बसताना स्पष्टपणे लहान. वजन तेच, गुडघा तोच, वेगही तोच. खोलीत जी शांतता पसरते, तीच शिकण्याची जागा. त्या क्षणी मी लगेच उत्तर देत नाही. "का?" असं विचारून खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

कुणीतरी हळूहळू तिथे पोहोचतं: लांब होत होत काम करणारा स्नायू, म्हणजे एक्सेंट्रिक, तेवढाच भार कमी मोटर युनिटमध्ये पेलतो. मग दुसरा प्रश्न आपोआप येतो, "पण मॅडम, मग दुसऱ्या दिवशी मांड्या उतरण्यानेच का दुखतात?" गड उतरून आलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. भार तेवढाच आणि तो पेलणारे तंतू कमी, म्हणजे एकेका तंतूवर ताण जास्त, हा धागा मुलं स्वतः जोडतात. तो मी सांगितला असता, तर कुणाच्या लक्षात राहिला नसता.

या पद्धतीला अंदाज-निरीक्षण-स्पष्टीकरण म्हणतात आणि विज्ञानशिक्षणात ती १९९० च्या दशकापासून रूढ आहे. स्नायूंसाठी ती विशेष चालते, कारण स्नायूबद्दल प्रत्येकाच्या मनात आधीच काहीतरी ठाम बसलेलं असतं. दुसरं सुंदर प्रात्यक्षिक कंबरेचं. उभ्याने सावकाश पूर्ण पुढे वाकायचं, हात पावलांकडे. मणक्याशेजारचे इरेक्टर स्पायनी शेवटी किती काम करतात? चिठ्ठ्यांवर बहुधा डोंगर चढत जातो. पडद्यावर मात्र वाकण्याच्या शेवटी रेघ जवळजवळ झोपते. भार तेव्हा लिगामेंट (हाडं बांधणारे पट्टे) आणि मागच्या इतर रचना घेतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी हे १९५० च्या दशकात मांडलं. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत रेघ अशी झोपत नाही, हे सांगितलं की ओपीडीशी दुवा जुळतो. या प्रात्यक्षिकासाठी कंबर दुखत नसलेलाच स्वयंसेवक घ्या.

इलेक्ट्रोड लावायचं कौशल्य शिकवायला पेटनच्या चार पायऱ्या उत्तम. पहिल्यांदा शिक्षक एकही शब्द न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतात. दुसऱ्यांदा प्रत्येक कृती फोडून, कारणासकट. तिसऱ्यांदा विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक फक्त तो सांगेल तेवढंच करतात. चौथ्यांदा विद्यार्थी सांगत सांगत स्वतः करतो. वेळ वाचवायला तिसरी पायरी गाळली जाते, आणि खरी फोड तिथेच होते. मागे एक मुलगा सांगत होता, "आता इलेक्ट्रोड लावा." स्पिरिट सुकायला थांबा, असं तो म्हणाला नाही, म्हणून मी ओल्या त्वचेवर स्टिकर लावला. तो सुटून खाली पडला. त्या बॅचमधलं कुणी ती पायरी पुन्हा विसरलेलं मी पाहिलं नाही.

बॅच दहा-बाराची आणि यंत्र एक, ही बहुतेक महाविद्यालयांची परिस्थिती. तेव्हा एक जण लावणारा, एक सहभागी, एक कच्च्या रेघेकडे डोळा ठेवणारा, एक वहीत नोंदणारा आणि उरलेले चिठ्ठ्यांवर. दर दहा मिनिटांनी कामं फिरवा. यंत्र बिघडलंय किंवा नाहीच? हात आणि चिठ्ठी तेव्हाही चालतात. कोपर वाकवताना तळवा वर आणि तळवा खाली, यात बायसेप्स कसा बदलतो हे नुसत्या बोटांनाही कळतं.

शिकवण्यावरच अभ्यास करायचा असेल तर

अनेक शिक्षकांना आता हेही करायचं असतं, आणि ते करायला हवं. पण तासाआधी एक चाचणी, तासानंतर लगेच तीच चाचणी, गुण वाढले, पद्धत प्रभावी, हा आराखडा सोडून द्या. कोणत्याही तासानंतर लगेच विचारलं तर गुण वाढतातच. तुलनेचा गट घ्या आणि त्यालाही तेवढाच वेळ, तोच शिक्षक, तोच विषय द्या. फरक फक्त पडदा आधी उघडण्याचा की अंदाजानंतर, एवढाच हवा. दुसऱ्या विषयाच्या वेळी गट अदलाबदल करा, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही. खरी चाचणी चार आठवड्यांनी, न सांगता.

चाचणीतही फक्त लेखी प्रश्न नकोत. मिलरने १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये माहीत असणं तळाशी आहे आणि करून दाखवणं त्याच्या बरंच वर. म्हणून एक ओएसपीई स्टेशन, म्हणजे ठरलेल्या यादीवर तपासायच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं टेबल, ठेवा: पाच मिनिटं, टेप, पेन, एक सहभागी, व्हॅस्टस लॅटरॅलिसची जागा शोधून खूण करा. तपासणाऱ्याच्या यादीत "एएसआयएस बोटांनी शोधला का" आणि "स्नायू आवळायला सांगून खात्री केली का" हे दोन मुद्दे हवेतच. दुसऱ्या स्टेशनवर छापील कच्च्या रेघा ठेवा, एक स्वच्छ, एक ५० हर्ट्झची, एक हललेल्या वायरची. ओळखा आणि पहिली दुरुस्ती सांगा.

इथेही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. सहभागी तुमचेच विद्यार्थी असतील, तर संमती तुम्ही घेऊ नका. इंटर्नल मार्क देणाऱ्या शिक्षकाला नाही म्हणणं मुलांना अवघड जातं. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला संमती घेऊ द्या, आणि कोण सहभागी आहे हे निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळू देऊ नका.

पहिल्या तासाच्या चिठ्ठ्या मात्र फेकू नका. मी त्या रबरबँड लावून पाकिटात ठेवते आणि वर्ष संपताना ज्याची त्याला परत करते. सोबत एक कोरी चिठ्ठी देते. प्रश्न नवा असतो, या वर्षी जिना उतरतानाच्या पोटरीचा होता. त्या दिवशीही यंत्र आधी बंदच असतं.